सातवी ब आणि आपल्या बाई

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहाल का असा मेसेज आला आणि मी लगेच हो म्हणून टाकलं. शाळेबद्दल लिहायचं तर खूप आहे, पण मला लिहायचंय ते बाईंबद्दलच, मराठीच्या बाई. नाव लिहायची गरज नाही, आपल्याकडे नुसतं बाई म्हटलं की कुणाबद्दल चाललंय ते सगळ्यांना कळतं.

मला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मी 4 वर्षांची असताना माझं कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन झालं. स्पीच थेरपीमुळे पाचवीत इथे आले तोवर नीट बोलायला यायचं, पण शाळेत दोन वेण्या कंपल्सरी, त्यामुळे कानामागचं मशीन आणि डोक्याला चिकटलेली कॉइल (मशीनमधला आवाज आतल्या इम्प्लांटकडे पाठवणारी गोल चकती) सगळ्यांना दिसायची. बघायचे सगळे, विचारायचं कुणीच नाही आणि मीही सांगायचे नाही. ऐकू नाही आलं तरी मान हलवायची, सगळे हसले की आपणही हसायचं. दिवसभर कान देऊन ऐकून इतकी दमायचे की घरी गेले की मशीन काढून सरळ झोपायचे, आईला वाटायचं अशक्तपणा आलाय.

सातवीत एकदा श्रुतलेखन चालू असताना माझ्या मशीनचे सेल संपले. एकदम सगळं बंद. मी खाली मान घालून वहीकडे बघत बसले. बाई नेहमी वर्गाकडे तोंड करूनच सांगायच्या (हे त्यांनी माझ्यासाठी सुरू केलं होतं हे मला खूप नंतर कळलं), त्यांच्या लक्षात आलं. बाकावर येऊन कानाकडे हात करून खूण केली, सेल? मी मान डोलावली. दप्तरातून नवे काढले, स्टिकर सोलले आणि तसेच हातात धरून बसले. झिंक-एअर सेल असतात ते, स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी लागते, मगच नीट चालतात. मला वाटलं बाई पुढचं वाक्य घेतील. त्यांनी पुस्तक मिटलं आणि अख्खा वर्ग तेवढा वेळ थांबवला. मशीन सुरू झाल्यावर म्हणाल्या, "आता सगळ्यांना सांग, हवा कशाला लागते?" आणि मी सांगितलं. उभी राहून, माझ्या मशीनबद्दल, पहिल्यांदाच. मग प्रश्न सुरू झाले, आंघोळीला काढतेस का, झोपताना काय, कॉइल पडत कशी नाही, आत मॅग्नेट आहे म्हटल्यावर तर मागची मुलं उठून पुढे आली. श्रुतलेखन राहिलंच.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या मैत्रिणीने माझे जादा सेल स्वतःच्या कंपासमध्ये ठेवायला सुरुवात केली, दहावीपर्यंत ठेवले. आणि बाईंनी वर्गात नियमच केला, ज्याला ऐकू आलं नाही त्याने "परत सांगा" म्हणायचं, आणि मग माझ्याआधी बाकीचीच मुलं म्हणायला लागली!

आज मी आयटीत आहे, टीमच्या मीटिंगा स्वतः घेते, "परत सांगा" अजून म्हणते आणि मान खाली घालत नाही. सुट्टीच्या दिवशी इम्प्लांट झालेल्या मुलांच्या आईबाबांशी बोलते. आता सरकारच्या अ‍ॅडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, खूप मोठी गोष्ट आहे ही. पण आठवी-नववीतली मुलं केसांखाली मशीन लपवतात, मधल्या सुट्टीत एकटी बसतात आणि घरचे म्हणतात मार्क चांगले आहेत की. वर्गात एकच माणूस बोलत असतो म्हणून मार्क येतात हो. चांगल्या कानात आवाज मेंदूकडे पाठवणाऱ्या पेशी 3,500 च्या आसपास असतात, माझ्या इम्प्लांटमध्ये त्यांचं काम करणारे इलेक्ट्रोड (कानाच्या नसेला विजेचे संकेत देणारे बिंदू) फक्त 22, दहा जण एकदम बोलले की सगळं एकात एक मिसळतं. म्हणून मॅपिंगच्या (मशीनचं सेटिंग जुळवून घ्यायच्या) तारखा पाळता तसं डबा कुणाबरोबर खाल्ला तेही रोज विचारा. अशा मुलांना आपल्या बाईंसारखं कुणी भेटलेलं नसतं, ते मला लगेच ओळखू येतं.

नवीन इमारत बघून आले. सुंदर आहे, पण वाईटही वाटलं. जुन्या वर्गात लाकडी कपाटं, भिंतभर तक्ते होते, आवाज घुमायचा नाही. आता सगळीकडे टाइल्स आणि काचा, मला समोरच्याचं अर्धंच कळत होतं. हॉलला जाड पडदे लावायचा खर्च मी देते असं समितीला कळवलंय. आणि कार्यक्रमात बाई बोलायला उभ्या राहिल्या की प्लीज त्यांच्या हातात माइक द्या, त्या नको म्हणाल्या तरी द्या, मला त्यांचा शब्दन् शब्द ऐकायचाय.