८५ सेंटिमीटरची पुडी

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात मूल पहिलीत जातं तेव्हा त्याच्या हातात एक शंकू दिला जातो. पुठ्ठ्याचा, सहा बाजूंचा, ८५ सेंटिमीटर उंच. तोंडाशी जाळीदार कापड किंवा क्रेप कागद बांधलेला, आत खाऊ, पेन्सिली आणि बारीकसारीक खेळणी. सहा वर्षांचं पोर तो दोन्ही हातांनी कवटाळून फोटोला उभं राहतं आणि फोटोत पोरापेक्षा शंकूच जास्त दिसतो. आपल्या चणेवाल्याची पुडी कुणीतरी फुगवून मोठी करावी तसं हे प्रकरण. नाव त्सुकरट्यूटं. पश्चिम जर्मनीतही ती असते, पण तिथली गोल आणि साधारण ७० सेंटिमीटरची. सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन, तिथल्या लोकांना ह्या वरच्या १५ सेंटिमीटरांचा भलताच अभिमान आहे.

पद्धत मूळची सॅक्सनी आणि शेजारच्या थुरिंगियातली. येना गावातली १८१७ सालची नोंद जुन्या नोंदींमध्ये सांगितली जाते. उरलेल्या जर्मनीत ती पुष्कळ नंतर पोचली. मुलांना सांगायची गोष्ट अशी, की एका झाडाला ह्या पुड्या लागतात. त्या पुरेशा मोठ्या झाल्या की शाळेत जायची वेळ झाली. एरिश केस्टनर हा लेखक ड्रेस्डेनचाच. १९०६ मध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी तो पुडीसकट अडखळला आणि सगळा खाऊ जमिनीवर सांडला, हे त्याने मोठेपणी लिहून ठेवलंय. इतकी वर्षं झाली तरी ते दुःख इथल्या कुठल्याही पहिलीतल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

पुडी दुकानात तयार मिळते. याच राज्याच्या डोंगराळ भागात, एर्त्सगेबिर्गमध्ये, तिचे कारखाने आहेत. पण आमच्या किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, वसंतात एक दिवस दारावर कागद लागला: अमुक संध्याकाळी पालकांनी यावं, कात्री आणि गोंद आणावा, मुलांना आणू नये. बायकोला त्या दिवशी कामावरून यायला उशीर होणार होता, म्हणून मी गेलो. मनात आलं, बाप एकटा मीच असेन. तसं नव्हतं. निम्म्याहून जास्त बापच होते. चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले. एकजण अग्निशमन दलातला, एकजण माझ्यासारखाच चिप बनवणाऱ्या कारखान्यातला, एक सुतार. सुताराने खिशातून स्वतःची पट्टी काढली तेव्हा बाकीचे सगळे गप्प झाले.

कागदाच्या बाबतीत हे लोक किती काटेकोर आहेत हे त्या संध्याकाळी कळलं. चौरस मीटरला १३० ग्रॅम भरणारा रंगीत कागद वेगळा, ३०० ग्रॅमचं कार्ड वेगळं. पातळ कागद शंकूवर गुंडाळायला, जाड कार्ड वर चिकटवायच्या चित्रांना. क्रेप कागद शंकूच्या तोंडाला आतून चिकटवायचा, बाहेरून नाही, म्हणजे बांधल्यावर कड दिसत नाही. टोक आधी बळकट करून घ्यायचं, कारण मुलं शंकू जमिनीवर टेकवतातच. आणि तळाला वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. हे सगळ्यात शहाणपणाचं. नाहीतर ८५ सेंटिमीटर खाऊने भरायला गेलात तर पोराला ते ओझं उचलत नाही, आणि खिशालाही.

बाकीच्यांच्या शंकूंवर एकशिंगी घोडे होते, डायनोसॉर होते, अर्थातच अग्निशमन दलाची गाडी होती. आमच्या लेकीने फर्मान काढलं होतं: रिक्षा. मागच्या सुट्टीत साताऱ्याला गेलो तेव्हापासून तिच्या डोक्यात रिक्षाच होती. काळं आणि पिवळं कार्ड, चंदेरी कागदाचा आरसा, मागे ‘आईचा आशीर्वाद’. अक्षरं मी देवनागरीत कापली. ‘शी’ची वेलांटी कात्रीने कापायची म्हणजे काय, ते एकदा करून बघा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी ती पूर्ण झाल्यावर चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, ह्या गाडीला दार का नाही? मी म्हटलं, नसतंच. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही.

ह्या आजी पूर्व जर्मनीच्या काळात वाढलेल्या. त्यांच्या घरात एकच शंकू होता. थोरल्याचा झाला की जपून ठेवायचा, धाकट्याच्या वेळी वर नवा कागद चढवायचा. आतल्या खाऊतलं काय कुठून आलं याचा हिशेब त्यांना अजून पाठ आहे. पश्चिमेकडच्या मावशीकडून आलेलं चॉकलेट सगळ्यात वर ठेवायचं, म्हणजे पाहुण्यांना दिसेल.

कागद-कात्रीचं हे वेड बालवाड्यांमध्ये एवढं का, याचं एक कारण थुरिंगियात सापडतं. फ्रीड्रिश फ्रोबेल हा तिथला माणूस, जन्म १७८२. डी.एड. केलेल्या प्रत्येकाला हे नाव परीक्षेपुरतं तरी ठाऊक असतंच. लहान मुलांच्या शाळेला किंडरगार्टन हे नाव त्याने १८४० मध्ये दिलं. कागदाच्या घड्या घालणं, पट्ट्या विणणं, कातरकाम हे त्याच्या शिकवणीत खेळाच्या जागी नव्हतं, अभ्यासाच्या जागी होतं. मुलाला कोन, अर्धा-पाव, सममिती हे सगळं बोटांतून कळावं असं त्याचं म्हणणं. प्रशिया ह्या तेव्हाच्या बलाढ्य जर्मन राज्याच्या सरकारला ह्यात काय धोका दिसला देव जाणे, पण १८५१ मध्ये त्यांनी किंडरगार्टनवर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत टिकली. चार कागदी पट्ट्या एकमेकींत विणून केलेली, गोंद न लावलेली एक चांदणी आजही इथे फ्रोबेलच्या नावाने ओळखली जाते. नाताळात ती घरोघरी लटकते. मला ती अर्ध्यापर्यंत येते. पुढच्या घड्या बायको घालते.

कागदाची दुसरी मोठी तारीख ११ नोव्हेंबर. संत मार्टिनचा दिवस. रोमन सैन्यातल्या मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, ही त्यामागची कथा. संध्याकाळी अंधार पडला की मुलं काठीला अडकवलेले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने निघतात. कंदील घरी किंवा किटामध्ये केलेला असतो. तळाला आणि वरच्या कडेला चीजची गोल डबी, मध्ये पारदर्शक रंगीत कागद, त्यावर ओल्या रंगाचे ठिपके किंवा वाळलेली मेपलची पानं. आत पूर्वी मेणबत्ती असायची, आता बहुतेक जण छोटा दिवा लावतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. वाऱ्यात मेणबत्ती आणि कागद हे जोडपं मी लहानपणी गॅलरीत पेटताना पाहिलंय.

२०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं, म्हणजे मार्टिनच्या दुसऱ्याच दिवशी. त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. एका बाजूला चीजच्या डब्या, दुसऱ्या बाजूला माझा आकाशकंदील. बांबूच्या कामट्या इथे मिळत नाहीत, म्हणून बागकामाच्या दुकानातून टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावतात त्या काठ्या आणल्या आणि चिरल्या. आबा व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून सूचना देत होते. खळ कर, तो काडीचा गोंद कंदिलाला नको. दोरा ओला करून बांध. झिरमिळ्या एकाच लांबीच्या. मग त्यांना टेबलाच्या पलीकडची चीजची डबी दिसली, आणि ती कशाला हे सांगताना माझा अर्धा तास गेला. शेवटी म्हणाले, ‘‘कामट्या वाचल्या की रे ह्यांच्या!’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीतल्या मुलांसाठी मिठाईच्या गोल डब्याचा एक करून फोटो पाठवला.

घोटीव कागद मात्र मी भारतातूनच आणतो. इथला पारदर्शक कागद प्रकाश नीट सोडतो, पण तो कुरकुरीत असतो, घडी मोडली की पांढरी रेघ उठते.

डिसेंबरची चांदणी वेगळी. ड्रेस्डेनच्या पूर्वेला, पोलंड आणि चेक सीमेच्या बाजूला, हर्नहूट नावाचं छोटं गाव आहे. १७२२ मध्ये मोरावियातून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी ते वसवलं. लेहमध्ये मोरावियन चर्च पाहिलं असेल तर ते ह्याच पंथाचं. २०२४ मध्ये गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ह्या पंथाचे लोक धर्मप्रसारासाठी जगभर जायचे आणि मुलं मागे वसतिगृहात राहायची. भूमितीच्या तासाला त्या मुलांनी कागदाच्या चांदण्या करायला सुरुवात केली, ही १९व्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. आज कारखान्यात बनते ती नेहमीची चांदणी २५ टोकांची: १७ चौकोनी तळाची, ८ त्रिकोणी तळाची, आणि सव्विसावी जागा टांगण्यासाठी आणि दिव्यासाठी मोकळी. कागदी चांदणी विकत घेतली तरी टोकं सुटी येतात. ती पितळी पिनांनी एकमेकांना जोडत आपणच बसायचं. शेवटच्या दोन टोकांपाशी हात आत जात नाही, बाहेर येत नाही. घरातल्या सगळ्यात लहान हाताला मग भाव येतो.

लग्नांबद्दलही लिहायला हवं, कारण तिथे हे लोक कागद म्हणून चक्क नोटा वापरतात. आहेर रोख द्यायचा ही रीत इथेही आहे, पण पाकिटात घालून दिला तर तो जरा कोरडा समजला जातो. त्यामुळे नोटांच्या घड्या घालून शर्ट, बदाम, फुलपाखरं करतात आणि ती चौकटीत किंवा छोट्या बागेत मांडतात. ऑफिसातल्या एकाच्या लग्नासाठी आम्ही पैसे जमवले, तेव्हा पैसे गोळा करायला पाच मिनिटं लागली आणि घड्या कोण घालणार यावर दोन बैठका झाल्या. शेवटी पाच युरोच्या नोटांची एक होडी झाली. मला आपल्याकडच्या नवरदेवांचे नोटांचे हार आठवले. रिझर्व्ह बँक नोटांचे हार करू नका म्हणून विनवते, पण नवरदेव ऐकतील तर ना! तरी १०१ रुपयांच्या पाकिटाला मी नावं ठेवणार नाही. ते चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं काय कमी कारागिरी आहे!

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की इथे प्रत्येक घरात कलाकार राहतात. अजिबात नाही. अर्धी मंडळी तयार संच आणतात. आकार कापून आलेले, गोंद मागे लावूनच आलेला, आपण फक्त कागद सोलायचा. त्या संध्याकाळी किटामध्येही तसे चार-पाच संच होतेच, आणि त्यांच्या मालकांचं काम सगळ्यांच्या आधी आटपलं. चढाओढही असते. कुणाच्या शंकूत दिवे लागतात, कुणाच्या शंकूतून संगीत येतं, आणि ऑगस्टमध्ये शाळाप्रवेशाच्या शनिवारी सगळ्या आया एकमेकींच्या मुलांच्या हातांकडे बघत असतात. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी हिरवा कागद संपला तर घरात काय भूकंप होतो तेही मी पाहिलंय.

फरक मला दिसतो तो दुसरीकडेच. आपल्याकडे हाताने केलेली वस्तू मांडून ठेवायची असते. आईने माझ्या आत्याच्या लग्नात केलेलं रुखवत, काड्यापेट्यांचं तुळशीवृंदावन, कागदाची बैलगाडी, हे सगळं टेबलावर मांडलं होतं आणि आम्हा पोरांना हात लावायची बंदी होती. आता रुखवत विकत किंवा भाड्यानेही मिळतं, ते तर जपायलाच हवं. इथल्या वस्तूचं नशीब उलटं. ती मोडण्यासाठीच केलेली. रिक्षावाला शंकू शाळेतून घरी आल्यावर लेकीने वरची गाठ फाडली, खाऊ काढला, बोळे फेकले आणि तिसऱ्या दिवशी त्याची दुर्बीण झाली. ‘आईचा आशीर्वाद’ खुर्चीच्या पाठीला चिकटला. माझ्या आईने व्हिडिओवर ते पाहून ‘अगंबाई’ म्हटलं. आजींनी मात्र लगेच विचारलं, टोक शाबूत आहे ना? मग ठेवा, पुढे कुणाला तरी उपयोगी येईल.

धाकट्या बहिणीला फोटो आवडले. साताऱ्यात तिचा मुलगा जूनमध्ये पहिलीत जाणार, तर तिला हे करायचंय. तिला माप कळवलं तेच इथे लिहितो. आपल्याकडची २२ बाय २८ इंचांची कार्डशीट घ्यायची. लांबीच्या दिशेने मधोमध रेघ मारायची, एका टोकाच्या मध्यावर दोरा धरून ७० सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढायचा, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंश घ्यायचे. एकूण ४५ अंशांचा तुकडा. तो गुंडाळला की तोंड साधारण साडेसतरा सेंटिमीटर रुंद होतं आणि सांध्याला चिकटवायला जेमतेम एक बोट कागद उरतो. एक शीट लेचीपेची वाटली तर आत दुसरी.

‘‘दादा, हे सगळं ठीक आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण तुमची शाळा ऑगस्टच्या उन्हात सुरू होते. इथे जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी पाऊस कोसळत असतो. तुझा पुठ्ठा गेटपर्यंत तरी टिकेल का?’’ मी प्लॅस्टिकच्या पिशवीचं सुचवलं. तिला ते पटलं नाही. आता ती आईला घेऊन शंकूसाठी छोटं इरलं करणार आहे, आणि इरल्याला ताडपत्री लावावी की मेणकापड यावर दोघींचं अजून जमलेलं नाही.