आमची वाटचाल: माग, धोटा आणि बंडखोर रोबॉट

इचलकरंजीत बसून आम्ही व्हिडिओ गेम बनवतो असं सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "मोबाइलवरचं का?" आणि मग जरा आवाज खाली करून, "पैसे कुठनं येतात?" पहिल्याचं उत्तर 'नाही, पीसीवरचं' एवढंच. दुसऱ्याला वेळ लागतो.

आम्ही चौघं आहोत. मी चित्रं काढते आणि हिशेब बघते. मावसभाऊ प्रोग्रामिंग करतो. जयसिंगपूरचा एक मुलगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, तो आता आवाज आणि संगीत बघतो. चौथी सांगलीची, लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या खोल्यांची मांडणी, तिच्याकडे. ऑफिस म्हणजे बाबांच्या कारखान्याच्या माळ्यावरची खोली, जिथे पूर्वी सुताची पोती ठेवत. खाली माग चालू असले की वर टेबलावरचा चहा थरथरतो.

त्याआधी मी पुण्यात आउटसोर्सिंगचं काम करायचे. परदेशी मोबाइल गेमसाठी नाणी, हिरे, खजिन्याच्या पेट्या. पगार वेळेवर व्हायचा, पण करारामुळे त्यातली एकही पेटी 'ही मी काढली' म्हणून कुणाला दाखवता येत नाही. कोविडमध्ये घरी आले ते इथेच राहिले. त्याच वर्षी, २०२० मध्ये, पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला आणि तो निन्टेंडो स्विच या गेमयंत्रावर जगभर विकला गेला. हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओचा 'असुरा' २०१७ सालचा. तो तर आमच्याच पठडीतला, वरून दिसणारा आणि दर खेपेला बदलणारा. म्हणजे इथे बसून होतं, एवढं कळलं. बँकेत कर्जाची चौकशी केली तर साहेबांनी विचारलं, "मशिनरी कुठली घेणार? तारण काय?" संगणक दाखवले. साहेब हसले, चहा पाजला. तेव्हापासून आमची रीत ठरली: सकाळी दुसऱ्यांची कामं, जेवणानंतर आपला गेम. ती आजही मोडलेली नाही.

आमचा गेम 'रोगलाइट' प्रकारचा: त्याच खोल्या दर खेपेला नव्या क्रमाने येतात, मेलात की पुन्हा सुरुवात. हाच प्रकार का, हा आमच्यासाठी आधी धंद्याचा प्रश्न होता, आवडीचा नंतर. गोष्टीच्या गेममध्ये खेळणारा एका खोलीतून एकदाच जातो. मी आठवडाभर रंगवलेलं दोन मिनिटांत संपतं. चौघांनी दहा तासांची गोष्ट रंगवायची तर म्हातारपण आलं. १९८० मध्ये मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या दोघांनी कॅलिफोर्नियात 'रोग' (इंग्रजी 'Rogue', आजार नव्हे) नावाचा गेम केला. त्यात चित्रं नव्हतीच, पडद्यावर नुसती अक्षरं. पण तळघर दर वेळी नवं तयार व्हायचं आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. या कल्पनेची पुढे घराणी झाली. मेल्यावर काहीतरी शिल्लक राहतं, पुढच्या खेपेला उपयोगी पडतं, अशा सौम्य प्रकाराला रोगलाइट म्हणतात. 'द बाइंडिंग ऑफ आयझॅक' २०११ चा, 'न्यूक्लिअर थ्रोन' २०१५ चा, 'एंटर द गंजन' २०१६ चा. सगळे वरून दिसणारे, गोळीबाराचे, आणि सगळे लहान टोळ्यांनी केलेले. हा योगायोग नाही.

आमच्याकडे याचं गणित मागाच्या भाषेत मांडतात: उभा ताणा हाताने लावायचा, आडवा बाणा संगणकाने भरायचा. प्रत्येक खोली आमच्या सांगलीच्या मुलीने हाताने मांडलेली आहे. कुठली खोली कुठल्या नंतर येणार, तिच्यात कोण उभं असणार, कुठलं हत्यार सापडणार, हे कोड ठरवतो. पूर्ण नशिबावर सोडलेली खोली खेळायला घाण असते, हे कुठलाही खेळणारा सांगेल.

रोबॉटचं बंड ही आमची कल्पना नव्हे. १९८२ मध्ये विल्यम्स कंपनीसाठी यूजीन जार्व्हिस आणि लॅरी डीमार यांनी 'रोबोट्रॉन: २०८४' केला. माणसावर उलटलेले रोबॉट चारही बाजूंनी अंगावर येतात. एका जॉयस्टिकने पळायचं, दुसऱ्याने गोळ्या झाडायच्या. आजच्या सगळ्या अशा गेमचा आजोबा तोच. पण आम्हाला काचेच्या इमारती आणि निऑनचे दिवे काढायचे नव्हते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग लावला, तेव्हापासून इथला माणूस यंत्राशी भांडतोच आहे. साधे माग किलोच्या भावाने भंगारात गेलेले आम्ही पाहिलेत, त्यांच्या जागी आडवा धागा नेणारा धोटा नसलेले रेपिअर आणि एअरजेट हे नवे माग आले. मग बंड कुठल्या यंत्रांनी करायचं हे शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या गेममध्ये एका मोठ्या स्वयंचलित कारखान्यातले रोबॉट उलटतात आणि त्यांना आवरायला आत जातो तो सैनिक नाही, मागाचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. यंत्र कुठे धरलं की थांबतं हे त्यालाच माहीत असतं.

त्याचं मुख्य हत्यार धोटा. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी: धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकडी होडकं, दोन्ही टोकांना पोलादी टोपी. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा तो फेकतो. कधी तो मार्ग सोडून बाहेर उडतो, आणि मग समोर कोण आहे ते बघत नाही. बाबांच्या भुवईवर त्याची खूण आहे. गेममधला धोटा फेकला की समोरच्या भिंतीपर्यंत जातो आणि परत येतो, जाताना आणि येताना दोन्हीकडे मारतो. पण तो हातात येईपर्यंत दुसरा फेकता येत नाही. या एका नियमावर सगळा गेम उभा आहे. बंदूक असती तर खेळणारा बटण दाबून धरून उभा राहिला असता. इथे त्याला सतत विचार करावा लागतो, की परतीच्या वाटेवर कोण यावं म्हणून मी कुठे उभा राहू? खोलीभर धावत धावत तो रोबॉटांमधून रेघा ओढत जातो. धोट्याच्या मागे धागा दिसतो, आणि दोन रेघा एकमेकींना छेदल्या की त्या जागी अडकलेला रोबॉट क्षणभर थिजतो. हे छेदण्याचं मावसभावाला सुचलं. माझं म्हणणं होतं की फार अवघड होईल. झालं नाही.

आवाजासाठी जयसिंगपूरकर माइक घेऊन खाली उतरला. आमचे जॉबर काका थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "काय करायलाय हे?" सांगितलं. "आवाजच पायजे होय? मग ह्यो नको घेऊ. त्यो कोपऱ्यातला घे, त्याचा पट्टा सैल हाय, चांगला वाजतोय." त्या कोपऱ्यातल्या मागाची खटखट आज आमच्या पहिल्या मजल्याचा ताल आहे. वर गेलं की ताल वाढतो, रोबॉटही त्याच तालावर पावलं टाकतात. शेवटच्या मजल्यावरचा एअरजेट रोबॉट जवळपास सलग सूं सूं करतो, त्यात ठोका शोधावा लागतो. काकांचं नाव श्रेयनामावलीत 'ध्वनी सल्लागार' म्हणून घातलं आहे. त्यांनी घरच्यांना ते मोबाइलवर फोटो काढून दाखवलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मरणावर. अशा गेममध्ये खेळणारा पुन्हा पुन्हा मरणारच, प्रश्न एवढाच की मेल्यावर तो स्वतःवर चिडतो की आमच्यावर. गोळी मारण्याआधी प्रत्येक रोबॉटचा डोळा अर्धा सेकंद पेटतो, आणि तो इशारा दिल्याशिवाय कुणीही मारत नाही, पडद्याबाहेरचा तर अजिबात नाही. जॉबरच्या चित्रापेक्षा त्याचा खरा मार लागणारा भाग बराच लहान ठेवला आहे. गोळी खांद्याला चाटून गेली तरी काही होत नाही, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपण काय चपळ आहोत! शत्रूच्या गोळ्या फक्त रंगाने ओळखू येतात असं ठेवलं नाही, आकारही वेगळा, कारण लाल-हिरवा न कळणारी माणसं कमी नसतात. धोटा लागला की अख्खा गेम तीन फ्रेम थांबतो. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा विसावा हिस्सा. डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं. ते काढून टाकलं तेव्हा धोटा थर्माकोलचा वाटायला लागला.

गेम बनवायला आम्ही गोडो इंजिन हे तयार सॉफ्टवेअर वापरतो. ते अर्जेंटिनात जन्मलं, २०१४ पासून सर्वांना खुलं आहे, आणि एमआयटी हा खुला परवाना असल्याने कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. लहान कंपनीला हे एक कारण पुरे. पण आमचं दुसरं कारण मराठी. जुन्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी धड उमटायची नाही, जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची. 'शक्ती' लिहिलं की 'शक् ती'. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात अक्षरजोडणीची नवी व्यवस्था आली, तेव्हा आम्ही सगळं काम तिच्यावर हलवलं. गेम मराठीत पूर्ण खेळता येतो. हातात धरायच्या स्टीम डेक या गेमयंत्राचा पडदा १२८० बाय ८०० चा. त्यावर मात्रा आणि अनुस्वार वाचता यावेत म्हणून मराठीचा टाइप इंग्रजीपेक्षा मोठा ठेवावा लागला आणि त्यासाठी अर्धे मेनू नव्याने मांडले. मराठीत खेळणारे थोडेच आहेत. मला तरी तो खर्च वाटत नाही, मावसभावाला वाटतो.

मधे एका परदेशी प्रकाशकाने रस दाखवला होता. त्यांना धोटा आवडला, कारखाना आवडला नाही. 'भविष्यातलं शहर करा' म्हणाले. पैसे चांगले होते. आम्ही दोन दिवस गप्प बसलो आणि मग नको म्हणालो.

आता पैशांचं. स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान. तिथे गेम लावायला एका गेमचे १०० डॉलर भरावे लागतात, विक्री हजार डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. दर विक्रीतले ३० टक्के दुकानाचे. अमेरिकेत झालेल्या विक्रीवर तिथला कर कापतात. भारत-अमेरिका कराराचा फॉर्म नीट भरला तर १५ टक्के, नाहीतर ३०. तिथे कापलेला कर इथल्या करातून वजा मिळवायला आमच्या सीएंनी फॉर्म ६७ भरला. निर्यातीवर जीएसटी नको म्हणून दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र. एका महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या शेवटी बँकेत येते, आणि पहिल्या खेपेला ती बँकेत येऊन अडकली. "मॅडम, एक्सपोर्ट म्हणताय, मग शिपिंग बिल कुठाय?" "सर, माल इंटरनेटवरून जातो." "म्हणजे सॉफ्टवेअर?" "गेम." पलीकडे शांतता. शेवटी त्यांच्याच वरच्या शाखेतून योग्य पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, आला आणि पैसे सुटले. आता तेच साहेब दर महिन्याला विचारतात, "या वेळी किती देशांतून?"

विक्रीचं एक गुपित सांगण्यासारखं आहे, म्हणजे गुपित नाहीच. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर गेम परत करता येतो. आमची एक खेप, जगलात तर, अर्ध्या तासाची. म्हणजे गिऱ्हाईक तीन-चारदा मरून ठरवतं की ठेवायचा की नाही. त्यामुळे पहिल्या तीन-चार मरणांत प्रत्येक वेळी काहीतरी नवं हाती लागलंच पाहिजे: नवा धोटा, नवी खोली, नाहीतर गेममधल्या चहाच्या टपरीवरच्या मावशींचा नवा टोमणा. येणाऱ्या गेमचे डेमो दाखवणाऱ्या स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये फुकट डेमो ठेवला तेव्हा लोक कुठे थांबतात ते पाहून दुसऱ्या मजल्यावरची कांड्या भरणाऱ्या रोबॉटांची टोळी पातळ केली. आणि दहा परीक्षणं जमेपर्यंत गेमच्या नावाखाली कुठलाच शेरा दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी आम्ही चौघंही पडद्याकडे डोळे लावून होतो. दहावं परीक्षण पोलंडमधून आलं: 'लूम मेकॅनिक हा माझा नवा आवडता नायक.'

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला तेव्हा नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "अगं, बंद झालं म्हणे तुमचं?" तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. आमच्याकडे पैसे एकदाच द्यायचे, पुढे जिंकायला-हरायला काही नाही, हे आत्याला समजावता समजावता माझंच डोकं दुखलं. त्यापेक्षा बँक बरी.

सध्या दोघांनी मिळून खेळायची सोय करतो आहोत. एकाने धोटा फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा. झेलला नाही तर तो कुठे उडेल सांगता येत नाही. ज्यांनी गेम घेतला आहे त्यांना ही भर फुकट मिळेल. शिवाय आम्हाला ॲनिमेशन येणारी पाचवी व्यक्ती हवी आहे. पगार पुण्याएवढा नाही, भाडंही पुण्याएवढं नाही. येऊन बघायचं असेल तर शनिवारी दुपारनंतर या, तेव्हा खाली माग बंद असतात आणि बोललेलं ऐकू येतं.