जर्मनीत एका सत्रासाठी जाताना आधी पत्ता

एका सत्रासाठी जर्मनीला निघालेले विद्यार्थी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांचे पालक, मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत असतात: तिथे पोहोचल्यावर सर्वांत आधी काय करावे? त्यांच्या मनात बहुधा सिमकार्ड, बँक, बसचा पास अशी यादी तयार असते. माझे उत्तर मात्र दर वेळी तेच असते, की आधी पत्ता पक्का करा, कारण तिथली उरलेली बहुतेक कामे या एका कामापाशी येऊन थांबतात.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांसाठीच्या स्थानिक कार्यालयात, पत्त्याची नोंद करणे जर्मनीत कायद्याने बंधनकारक आहे. या नोंदीला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी पासपोर्ट आणि अर्ज यांच्या जोडीला, तुम्ही त्या घरात राहायला आला आहात असा घरमालकाचा दाखला लागतो, आणि अनेकांचे घोडे नेमके इथेच अडते. भाडेकरार हातात असला तरी तो या दाखल्याऐवजी चालत नाही. म्हणून खोली ठरवण्याआधीच घरमालकाला स्पष्ट विचारा, की या पत्त्यावर नोंद करता येईल का आणि दाखला मिळेल का. नोंद करता येणार नाही असे जाहिरातीतच लिहिलेली खोली कितीही स्वस्त असली तरी ती सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या शहरांत कार्यालयाची वेळ लवकर मिळत नाही, तेव्हा ती भारतातून निघण्यापूर्वीच ऑनलाइन घेऊन ठेवा. बर्लिनमध्ये तर शहरातल्या कोणत्याही ब्युर्गरआम्टमध्ये नोंद करता येते, त्यामुळे घराजवळच्या कार्यालयात वेळ नसेल तर लांबच्या उपनगरात शोधावी.

नोंद झाली की काम संपले असे वाटते, पण एक बारीकशी गोष्ट उरते आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. तिथल्या बहुतेक इमारतींत पोस्टमन फ्लॅटचा क्रमांक पाहत नाही. तो खालच्या टपालपेट्यांवर आडनावे वाचत जातो, आणि पेटीवर तुमचे आडनाव नसेल तर पत्र परत जाते. बँकेचे कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, बहुधा वेगळ्या दिवशी येतो. अर्धवेळ नोकरीसाठी लागणारा करक्रमांकही नोंदीनंतर टपालानेच येतो. म्हणून किल्ली हातात पडली त्याच दिवशी, पासपोर्टवर आहे तसे आडनाव कागदाच्या पट्टीवर स्वच्छ अक्षरांत लिहून पेटीवर आणि दारावरच्या घंटेपाशी लावा. दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू असाल, तर घरमालकाला विचारूनच पण नक्की लावा.

याच पेटीत काही दिवसांनी आकाशवाणी-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र येते. घरात टीव्ही नसताना ही मागणी पाहून अनेकांना ती फसवणूक वाटते आणि पत्र बाजूला पडते. ती फसवणूक नाही. दर घरामागे दरमहा 18.36 युरो अशी ही वर्गणी आहे आणि उत्तर न दिल्यास थकबाकी वाढत जाते. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकाने भरली की पुरते, मात्र त्याचा वर्गणी क्रमांक कळवून तुम्हाला तसे लेखी उत्तर द्यावे लागते.

पैशांबाबत एक सावधगिरी सांगतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे खाते, उघडले असेल तर त्यातून दरमहा ठरलेली रक्कमच मिळते. सप्टेंबर 2024 पासून ती साधारणपणे 992 युरो धरली जाते. पहिल्या महिन्यात मात्र अनामत, भाडे, विमा आणि विद्यापीठाची सत्रवर्गणी हे सारे एकदम अंगावर येते, आणि त्या खात्याचे पैसे रोजच्या वापराचे बँक खाते सुरू झाल्याशिवाय हाती लागत नाहीत. तेवढी तजवीज वेगळी करूनच निघा. अनामत किती मागता येते यावर कायद्याची मर्यादा आहे: वीज, पाणी, हीटिंग यांचा खर्च वगळून उरणाऱ्या भाड्याच्या तिप्पट, त्याहून अधिक नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. खोली प्रत्यक्ष किंवा निदान ओळखीच्या कोणाकडून पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. ताबा घेताना भिंतीवरचे डाग आणि जमिनीवरचे ओरखडे यांचे फोटो काढून ते ताब्याच्या कागदावर लिहून घ्या.

सत्र सुरू होण्याच्या आधीच पोहोचणार असाल, तर विद्यार्थी विमा लागू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासविमा असू द्या. जीवावर बेतणारा प्रसंग असेल तर 112 आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टरची गरज लागली तर 116117, हे दोन्ही क्रमांक पहिल्याच दिवशी फोनमध्ये घालून ठेवा. साध्या तापासाठी थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेल्यास तासन्‌तास बसावे लागते. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे शक्यतो शनिवारी रात्री पोहोचू नका. पोहोचलातच तर मोठ्या रेल्वे स्थानकातली दुकाने उघडी सापडतात.

पालक मला एकटेपणाबद्दलही विचारतात आणि ती काळजी खरी आहे, विशेषतः डिसेंबरमध्ये दुपारी चार-साडेचारला अंधार पडू लागतो तेव्हा. विद्यापीठांचे क्रीडावर्ग स्वस्त असतात आणि त्यांची नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच भरते, म्हणून पहिल्या आठवड्यातच एखाद्या वर्गात नाव घाला. भाषा कच्ची असली तरी दर आठवड्याला तेच चेहरे भेटत राहतात, आणि ओळखी अशाच होतात.

परतताना हीच साखळी उलट सोडवायची असते. देश सोडण्याआधीच्या आठवड्यात, किंवा घर सोडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, पत्त्याची नोंद रद्द करा. आकाशवाणी-दूरचित्रवाणीची वर्गणी तुमच्या नावावर असेल तर तीही वेगळे पत्र पाठवून बंद करा, आणि अनामत परत येईपर्यंत तिथले बँक खाते चालू ठेवा.