काकांचे डाव

प्रयोगशाळेतले काका बुद्धिबळात फार मोठे कुणी नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. जिल्ह्याच्या स्पर्धेत निम्मे गुण पडले तरी स्वारी खूश असायची. पण मधल्या सुट्टीत परीक्षानळ्यांचा स्टँड बाजूला सारून ते पट मांडत, तेव्हा आमच्यातल्या कित्येकांचा डबा तसाच घरी जाई. 'वजीर लवकर बाहेर काढू नकोस रे, थंडी वाजेल त्याला,' हे त्यांचं वाक्य आमच्या तुकडीला अजून पाठ आहे.

काका गेल्यावर काकूंनी त्यांच्या वह्या आणि स्पर्धांची स्कोअरशीट्स, म्हणजे चाली टिपायचे कागद, एका पिशवीत घालून माझ्या हवाली केली. मूळ शीट आयोजकांकडे जातं, खेळाडूकडे उरते ती कार्बनची प्रत, आणि तीही कालांतराने पुसट होते. १९६१ च्या आधीचं त्यात काहीच नाही. घर नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं. १२ जुलैला पानशेतचं पाणी शिरलं त्यात पहिल्या वह्या गेल्या. उरलेले डाव संगणकावर चढवायला मी घेतले.

काम वाटलं तेवढं सरळ नव्हतं. काका चाली जुन्या इंग्रजी पद्धतीने लिहीत. तिच्यात घरं ज्याने त्याने आपापल्या बाजूने मोजायची, त्यामुळे पांढऱ्याचं चौथं घर ते काळ्याचं पाचवं. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, १९८१ पासून ती पद्धत ग्राह्य धरणं बंद केलं, काकांनी त्यानंतरही बरीच वर्षं सोडली नाही. एका शीटवर नुसतं 'बी-केटी५' असं आहे, म्हणजे उंट घोड्याच्या पट्टीतल्या पाचव्या घरात. आता घोड्याच्या पट्ट्या दोन, उंटही दोन. गेला कुठला, आजच्या अक्षर-आकड्यांच्या पद्धतीत बी५ वर की जी५ वर? पुढची चाल पाहिली तर काळ्याने राजाच्या बाजूचं हत्तीचं प्यादं एक घर पुढे सारलंय. मग उंटाने घोडा मारला, आणि वजिराने उंट. काळा वजीर अजून डी८ वर होता. तिथून त्याला एफ६ गाठता येतं, सी६ नाही. म्हणजे उंट जी५ वरच होता. अशा एकेका चालीपायी माझी अख्खी संध्याकाळ जाई आणि घरचे कपाळाला हात लावत.

काही डाव ऐन रंगात तुटतात. घड्याळात पाच मिनिटांहून कमी उरली की चाली लिहिण्याची सक्ती नसते, आणि काका तर हटकून वेळेच्या अडचणीत सापडणारे. मग शीटवर मोकळ्या रेघा आणि खाली एकदम निकाल.

डाव साठवायचे ते पीजीएन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत. प्रत्येक डावाच्या डोक्यावर सात रकाने असतात: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह द्यायची सोय आहे. काकांच्या फाइलीत प्रश्नचिन्हांची रेलचेल आहे.

काकूंचं म्हणणं होतं, 'अरे, हरलेले कशाला घालतोस? जिंकलेले काय कमी आहेत?' मी म्हटलं, 'काकू, तुम्ही म्हणाल ते सगळं करीन, पण हे नाही.' एका जुन्या प्रतिस्पर्ध्यानेही फोन करून आपला पराभव वगळायला सांगितलं. त्यांचं नाव तेवढं काढलं, डाव ठेवला. पुण्याचा अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाला. त्याचे डाव जगभरच्या संग्रहांत सापडतात. नोकरी सांभाळून रविवारी खेळणाऱ्यांचे डाव मात्र कुणी राखले नाहीत तर गेलेच.

शिवाय सगळे डाव ओळीने लावल्याशिवाय माणूस दिसत नाही. काका किल्लेकोट करायला, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला न्यायला, नेहमी उशीर लावत. राजा मध्येच बसलेला, आणि मार तिथेच बसायचा. त्यामागे मला त्यांचं घरचं शिक्षण दिसतं. आजोबांकडून ते देशी बुद्धिबळ शिकले होते. त्यात आजचा किल्लेकोट नाही, राजाला एकदा घोड्याची उडी मारायची मुभा असते. ती मुभा त्यांच्या डोक्यातून बहुधा कधी गेलीच नाही. इव्हान्स गॅम्बिट मात्र त्यांनी आनंदाने उचललं होतं: चौथ्या चालीला बी४, प्यादं देऊन मोकळं व्हायचं. कॅप्टन इव्हान्स या दर्यावर्दी माणसाने १८२७ च्या सुमारास काढलेली ही खेळी काका आम्हाला गोष्टीसारखी सांगत. हिशेबाने पाहिलं तर तिने त्यांना दिलं त्याहून जास्त घेतलं. पण जे डाव जिंकले ते देखणे आहेत, यात शंका नाही.

आतापर्यंत जुळलेले डाव लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. तिथे एका स्टडीत, म्हणजे डावांच्या वहीत, ६४ प्रकरणं मावतात, म्हणून दुसरी उघडावी लागली. प्रयोगशाळेत आमच्याशी खेळलेले डाव अजून हाती लागलेले नाहीत. काका त्यांच्याही चाली टिपायला लावत, बहुधा प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर. त्या वेळच्या मुलामुलींनी माळे धुंडाळावेत आणि पानाचा नुसता फोटो शाळेच्या कार्यालयात पोचवावा. हरलेला असला तरी चालेल.