तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बीण कुठली घ्यावी?

"बाई, नवी दुर्बीण कुठली घेतलीत? आम्ही कुठली घेऊ?" हा प्रश्न मला सांगलीत घाटावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह जवळ आला की फोनवर तर रोज विचारतात. विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी. आता त्यांची मुलं पक्षी बघायला लागली आहेत, ह्याचा मला फार आनंद आहे.

एका ओळीचं उत्तर असं की मी निकॉनची मोनार्क एम५ घेतली, ८×४२. पण एवढंच ऐकून कुणी पैसे खर्च करू नयेत. माझी पहिली दुर्बीण हरवली नसती तर हे उत्तर मलाही सापडलं नसतं, म्हणून आधी ती कशी हरवली ते सांगते.

ती १०×५० होती. सहाव्या वेतन आयोगाचा फरक हातात आला तेव्हा घेतलेली. मोठा आकडा म्हणजे मोठा पक्षी, एवढंच तेव्हा कळत होतं. वजन किलोला थोडंच कमी. सुरुवातीची वर्षं काही वाटलं नाही. पुढे मानेचं दुखणं सुरू झालं आणि मी नकळत एक सवय लावून घेतली: थोडा वेळ बघायचं, मग पट्टा मानेतून काढून दुर्बीण मांडीवर नाहीतर शेजारी ठेवायची.

जानेवारीत मायणीला गेले होते. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हा खटाव तालुक्यातला पाणवठ्यांचा पट्टा २०२१ साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून मी तिथं जाते. दिवसभर चक्रवाक, थापटे, शेकाटे बघितले. परतताना विट्यापर्यंत वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी गाडी, मिळालं. मागच्या शीटवर दाटीवाटीत बसले, मान भरून आली होती, म्हणून पट्टा काढला आणि दुर्बीण बाजूला ठेवली. विट्याला उतरले, एसटी स्टँडवर चहा घेतला. समोरच्या तारेवर कापशी घार बसलेली दिसली आणि हात सवयीनं छातीशी गेला. तिथं काहीच नव्हतं.

गाडी शोधून काढली. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं शिटा उचलून दाखवल्या. "मावशी, सगळं बघितलं, न्हाई काय." मधल्या फाट्यांवर चार-पाच माणसं उतरली होती. दुसऱ्या दिवशी परत मायणीला जाऊन तळ्याकाठीही बघून आले, न जाणो तिथंच राहिली असेल. नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण पहाटेपर्यंत एक गोष्ट पटली होती. दुर्बीण गळ्यात असती तर हरवली नसती, आणि गळ्यात नव्हती कारण ती गळ्यात ठेवण्याजोगी राहिली नव्हती. तेव्हा पहिली अट ठरली: जी दिवसभर अंगावर राहील तीच घ्यायची. म्हणून तुम्ही विचारता तेव्हा मी आकड्यांच्या आधी मान कशी आहे ते विचारते.

लगेच दुसरी घेण्याइतके पैसे नव्हते, आणि ते बरंच झालं. जानेवारी ते मे मी मैत्रिणींच्या, विद्यार्थ्यांच्या दुर्बिणी एकेक आठवडा मागून घेतल्या. मागायला लाजू नका, पक्षी बघणारी माणसं देतात. प्रत्येक दुर्बीण मी एकाच जागी, एकाच वेळी पारखली: कृष्णेच्या घाटावर, सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास ते पार दिसेनासं होईपर्यंत. समोर आयर्विन पूल. पुराचं पाणी मोजायला तिथं फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. चाळीस फुटाला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. ते आकडे मी वाचत बसायचे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. दिवेलागणीला पुलावरचा आकडा कुठल्या दुर्बिणीतून शेवटपर्यंत वाचता येतो, ते बघितलं की फरक कळतो.

एका डॉक्टर मैत्रिणीची ८×२५ होती, खिशात मावणारी. वजनाच्या अटीत ती पहिली आली. दुपारी तिच्यातून नदी सुरयाची पिवळी चोच लख्ख दिसली. पण रातबगळे झाडांतून उठायला लागले तेव्हा तिच्यात नुसती राखाडी हालचाल उरली, आणि त्याच वेळी शेजारच्या मुलाच्या ८×४२ मधून डोक्यावरची काळी टोपी दिसत होती. ह्याचं कारण साधं आहे. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाची रुंदी मिळते. ८×२५ ला ती तीन मिलिमीटरच्या आसपास, ८×४२ ला सव्वापाच. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे केलीत तर डोळ्याकडच्या भिंगात हा गोल नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो नीट गोल दिसला पाहिजे. कडा कापल्यासारखा चौकोनी आणि करडा दिसला तर आतला लोलक हलक्या काचेचा आहे असं समजा.

मग आणखी मोठा गोल का नको? कारण आपल्या डोळ्यातली बाहुली. तरुणपणी अंधारात ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीच्या आसपास पाचपर्यंत उघडली तरी पुष्कळ. त्याहून जास्त प्रकाश दिला तर तो बाहुलीच्या बाहेरच पडतो आणि वजन मात्र मानेवर येतं.

आता आठ की दहा. इथं माझं मत ठाम आहे, आणि ते एका कवड्या खंड्यामुळे झालं. तो पाण्यावर एका जागी फडफडत होता, चोच सरळ खाली. दहाच्या दुर्बिणीत तो मोठा दिसत होता खरा, पण माझ्या हाताची थरथरही दहापट होऊन त्याच्याबरोबर दिसत होती. आठनं बघितलं तेव्हा तो जरासा लहान झाला आणि स्थिर झाला. छातीवरचे दोन काळे पट्टे मोजता आले, म्हणजे नर. मादीला एकच, तोही मधे तुटलेला. काठावरच्या तुताऱ्यांचंही, म्हणजे त्या छोट्या पाणपक्ष्यांचंही, तसंच. ठिपकेवाल्या तुतारीची पांढरी भुवई डोळ्याच्या पार मागे जाते, हिरव्या तुतारीची डोळ्यापाशीच संपते. एवढीशी रेघ बघायला मोठेपणापेक्षा स्थिरपणा लागतो. तरुण, भक्कम हाताच्या माणसानं मायणीसारख्या उघड्या पाण्यावर दहाची घेतली तर मी नाही म्हणणार नाही. पण सागरेश्वरच्या झाडीत नाहीतर चांदोलीला, जिथं वटवट्या एका फांदीवर दोन सेकंदही टिकत नाही, तिथं आठच.

आता चष्मा. ह्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. पहिली दुर्बीण घेतली तेव्हा मला चष्मा नव्हता. आता लांबचा नंबर आहे आणि सिलिंडरही, म्हणजे आडव्या-उभ्या दिशेला वेगळा असणारा नंबर. साधा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसचं चाक फिरवलं की भागतं. सिलिंडर मात्र चाकानं जात नाही. तो जास्त असेल तर चष्म्यावरूनच बघावं लागतं, आणि मग डोळा दुर्बिणीच्या भिंगापासून लांब राहतो. किती लांबून पूर्ण चित्र दिसेल ह्याचं एक माप असतं, त्याला आय रिलीफ म्हणतात. ते पंधरा मिलिमीटरच्या वर असल्याशिवाय चष्मेवाल्यानं पैसे काढू नयेत.

मला एका विद्यार्थ्यानं निकॉनची ॲक्युलॉन ए२११, ८×४२ आणून दिली होती. जुन्या पोरो पद्धतीची, रुंद खांद्यांची. तिचा दृष्टीचा घेर आठ अंशांचा, म्हणजे हजार मीटरवर साधारण १४० मीटर रुंदीचं दृश्य एका नजरेत येतं. मोनार्क एम५ चा घेर ६.४ अंश, म्हणजे ११२ मीटर. कागदावर पहिली कितीतरी सरस. पण तिचा आय रिलीफ १२ मिलिमीटर आणि मोनार्कचा १९.५. माझ्या चष्म्यावरून पहिलीतल्या दृश्याची कड कापली जायची, जणू पाइपातून बघतेय. दुसरीतलं दृश्य आहे तेवढं सगळं माझं. दोघींतून आयर्विनच्या कमानी बघितल्या आणि तिथंच ठरलं.

आणि म्हणूनच, ज्या मुलांना चष्मा नाही त्यांना मी ॲक्युलॉनच घ्यायला सांगते. किंमत माझ्या दुर्बिणीच्या निम्म्याहून कमी, घेर मोठा, उडता थवा पटकन सापडतो. पावसात मात्र ती जपायची, कारण ती पाणबंद नाही.

पावसावरून सांगते, माझ्या जुन्या दुर्बिणीला शेवटी बुरशी लागली होती. उजव्या नळीत, आत, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कारण मीच तिला पावसाळाभर चामड्याच्या पेटीत, कपाटात बंद ठेवायचे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चामडं ओल धरून ठेवतं. आता दुर्बीण झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असते, आणि ऊन पडलं की तासभर बाहेर सावलीत. नवी निवडताना नळीत नायट्रोजन भरून सील केलेली असेल अशीच बघितली. तिच्या आत वाफ धरत नाही. कासला जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी ही अट सोडू नये.

झूमवाल्या, म्हणजे १०-३० असं लिहिलेल्या दुर्बिणी घेऊ नका. घेर अरुंद, चित्र अंधारं. पुढच्या भिंगाला लालभडक चकाकी असलेल्याही नकोत. लाल प्रकाश बाहेरच परतवतात आणि आतलं सगळं हिरवट दिसतं. पक्षी ओळखताना रंगच चुकला तर काय उरलं?

एक काम घरच्या दुर्बिणीवर आजच करा. गेल्या पक्षी सप्ताहात एका शाळेत गेले होते. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्यात दोन्ही डोळ्यांना सारखं दिसत नाही, बिघडलीय." मी त्याला उजवा डोळा मिटायला लावला आणि मधल्या चाकानं फळ्यावरचा सुविचार डाव्या डोळ्याला स्वच्छ करायला सांगितलं. मग डावा मिटून उजव्या डोळ्याकडचं कडं हळूहळू फिरव म्हटलं, मधल्या चाकाला हात न लावता. मग दोन्ही डोळे उघड. त्यानं दुर्बीण खिडकीकडे वळवली. बाहेर शेवग्यावर शिंजीर होता. तो मुलगा बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बाई, त्याची जीभ दिसतीय." दुर्बीण बिघडलेली नव्हतीच, ती दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांना लावलेली होती. एकदा आपलं लावून घेतलं की त्या कड्याची जागा लक्षात ठेवायची. पुढे फक्त मधलं चाक.

नवी दुर्बीण ६३० ग्रॅमची आहे. नेहमीच्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा लावला, त्यामुळे भार मानेवर येत नाही. मेमध्ये घेतली, आणि पाणी उतरल्यावर ब्रह्मनाळला घेऊन गेले, येरळा कृष्णेला मिळते तिथं. सकाळी सहा ते अकरा ती एकदाही अंगावरून काढली नाही. घरी येऊन जेवायला बसले तेव्हा कळलं की अजून छातीवरच आहे.

घ्यायच्या आधी माझी लावून बघायची असेल तर रविवारी संध्याकाळी घाटावर या, चष्मा असेल तर चष्मा घालूनच या.

आणि मायणी-विटा रस्त्यावर कुणाला वडापात १०×५० सापडली असेल आणि त्यांच्यापर्यंत हे पोचलं, तर एवढं करा. तिचं उजव्या बाजूचं कडं माझ्या डोळ्याला लावलेलं आहे, मधल्या खुणेपासून थोडं डावीकडे. ते फिरवून आपलं लावून घ्या. उजव्या नळीतली बुरशी जाणकाराकडून काढून घ्या, अजून वाढलेली नसेल. डिसेंबरात तळ्यावर चक्रवाक येतात, त्यांचं नारिंगी अंग तिच्यातून फार सुंदर दिसतं.