हाफ-एल्फचं आजोळ

लिहून खेळायच्या रोलप्लेमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन आळीपाळीने पोस्ट लिहीत कथा पुढे न्यायच्या खेळात, पात्राचा फॉर्म भरायला घेतला की नावाच्या खालोखाल ‘वंश’ हा रकाना येतो. माणूस, एल्फ (टोकदार कानांचे, शतकं जगणारे), ड्वार्फ (ठेंगणे, दणकट), ऑर्क (रांगडे, लढवय्ये), हाफलिंग (माणसाच्या निम्म्या उंचीचे) यांतलं एक लिहायचं असेल तर काम दोन सेकंदांचं. ‘हाफ-एल्फ’, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा एल्फ, लिहिलं की मात्र चांगलं दोन संध्याकाळींचं काम अंगावर येतं, आणि बहुतेक जण ते दहा मिनिटांत उरकतात. एक डोळा निळा, एक जांभळा. आईवडील आगीत गेले. दोन्हीकडच्यांनी हाकललं. आता जंगलात एकटाच फिरतो, कुणाशी बोलत नाही. झालं पात्र! जो कुणाशी बोलतच नाही त्याच्याशी बाकीच्या चौघांनी तीन महिने खेळायचं काय, हे तेवढं फॉर्ममध्ये नसतं.

मराठी माणसाला खरं तर हे जमायला हवं. ‘आडनाव काय? मूळ गाव कुठलं? आणि आईकडचे कुठले?’ या तीन प्रश्नांत समोरच्याची अख्खी वंशावळ काढायची खोड आपल्याला आहेच. लग्नाच्या पंगतीत ती नकोशी होते, पात्र घडवताना कामाला येते. त्यातही तिसरा प्रश्न. अर्धं रक्त कुणाचं, हे एका ओळीत संपतं. आजोळ कुठे, तिथे लेकराला काय हाक मारायचे, ताटात काय वाढायचे, यातून खेळ निघतो.

पण आधी नियमांच्या कोणत्या पुस्तकाने खेळायचं ते डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, विचारून घ्यावं. ज्या खेळाचे नियम मी इथे धरतो आहे तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. हाफ-एल्फ पुढच्याच वर्षी एका पुरवणीतून खेळात शिरला, हाफ-ऑर्क १९७८च्या प्लेअर्स हँडबुकमधून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या नियमपुस्तकातून. १९८९च्या आवृत्तीत त्या पुस्तकाने हाफ-ऑर्कला दाराबाहेर ठेवलं, २०००मध्ये परत आत घेतलं. २०२४च्या हँडबुकात तर दोघांनाही स्वतंत्र जागा नाही, आणि ‘रेस’ या शब्दाच्या जागी ‘स्पीशीज’ आला आहे. हा नुसता इतिहास नव्हे, यावर पात्राचं आयुष्य ठरतं. २०१४च्या पुस्तकात हाफ-एल्फ विशीत सज्ञान होतो आणि बऱ्याचदा १८० वर्षांच्या पुढे जगतो. २०२२ साली चाचणीसाठी दिलेल्या नियमांत मात्र आईबापांपैकी एकाचे गुण घ्यायचे, रूप दोघांचं मिसळायचं आणि आयुर्मान सरासरीने काढायचं होतं. एल्फचे ७५० आणि माणसाचे ८० मिळवून निम्मे केले की ४१५. म्हणजे एकाच पोरीच्या आयुष्यात २३५ वर्षांचा फरक. पुढे जे लिहितो आहे ते २०१४च्या पुस्तकाला धरून आहे. हाफ-एल्फच्या बाबतीत त्या पुस्तकाची बारीकसारीक माहिती मला सगळ्यात रुचकर वाटते.

वयाचा हिशोब कागदावर मांडावा, मनातल्या मनात करू नये. समजा, पात्र ४४ वर्षांची बाई. बाप नदीवरचा नावाडी, ती झाली तेव्हा २६चा, म्हणजे आज ७०चा. आई एल्फ, तेव्हा १६०ची, आज २०४ची, आणि चेहऱ्यावर एक रेघ वाढलेली नाही. बाजारात तिघं एकत्र दिसली तर लोक म्हाताऱ्याला दोघींचा आजा समजतील. आता बापाला पुढे एका माणूसबाईपासून मुलगा झाला असं धरू, वय ३८. कानशिलं पिकलेला हा गडी पंचविशीच्या दिसणाऱ्या बाईला ‘ताई’ म्हणतो. ही एक हाक पोस्टमध्ये आली की ‘ती दोन जगांत अडकली होती’ हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही. ते तसंही खोडावंच.

आजोळी उलटा प्रकार. एल्फ शरीराने माणसाइतक्याच वर्षांत वाढतात, पण शंभरीच्या आसपास स्वतःला मोठं म्हणवतात आणि तेव्हा स्वतःसाठी मोठेपणीचं नाव घेतात. तोवर पाळण्यातलंच नाव चालतं. म्हणजे आपली चव्वेचाळीस वर्षांची बाई, तीन लढाया केलेली, आजोळच्या ओसरीवर अजून ‘चिमी’च. मामा लोक बोलत बसले की तिला आत पाठवायचं. माणसांत लवकर म्हातारी न होणारी आणि एल्फांत कधी मोठीच न होणारी! पुस्तकात याला जोडून एक मजेदार नोंद आहे: माणसांत वाढलेल्या हाफ-एल्फला बऱ्याचदा एल्फांचं नाव मिळतं आणि एल्फांत वाढलेला बऱ्याचदा माणसाचं नाव घेतो. म्हणून नावाचा रकाना भरताना नाव कुणी ठेवलं आणि कोण ते मुद्दाम चुकीचं उच्चारतं, एवढं तरी लिहून ठेवावं.

झोपेचं प्रकरण तर सोन्यासारखं आहे आणि कुणी वापरत नाही. एल्फ झोपत नाहीत, चार तास ध्यान लावतात. हाफ-एल्फला जादूने झोपवता येत नाही, हा आईकडचा वारसा. पण ध्यानाची सोय त्याला मिळालेली नाही, त्याला माणसासारखी रोजची झोप लागतेच. आता आजोळचं घर डोळ्यांसमोर आणा. सगळं घर चार तासांत उठून कामाला लागलंय आणि हे एक पोर तांबडं फुटेपर्यंत पसरलेलं. आजी दारातून म्हणते, ‘बापाचं घराणं झोपाळू.’ पूर्वकथेला आगीपेक्षा हे वाक्य पुरतं.

अंधारात दिसण्याचं मात्र लोक हमखास चुकवतात. हाफ-एल्फची डार्कव्हिजन, म्हणजे काळोखातली नजर, ६० फुटांपर्यंत चालते आणि गडद अंधारात तिला रंग कळत नाहीत, नुसत्या राखाडी छटा दिसतात. तरी ‘काळोखात तिला त्याचा तांबडा झगा दिसला’ अशी वाक्यं पडतातच. झगा दिसेल, तांबडा दिसणार नाही. बाटलीत विष आहे की काकवी, हे रंगावरून ओळखता येणार नाही. बापाच्या घरी ती रात्री कंदील न घेता विहिरीवर जायची आणि शेजारीण दचकायची, हेही याच साठ फुटांतून मिळतं. नियमातली मर्यादा हा प्रसंगाचा कच्चा माल आहे. ती विसरली की प्रसंग गेला.

आकड्यांचं बघायचं तर पात्राच्या क्षमतांवर खर्चायला २७ गुण असतात. सहाही क्षमता ८वर सुरू होतात. १३पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण, १४ आणि १५ला दोन-दोन. डेक्स्टेरिटी (चपळाई) १५ला ९ गुण गेले, करिझ्मा (छाप) १४ला ७, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १३ला ५, विज्डम (शहाणपण) १२ला ४, इंटेलिजन्स (बुद्धी) १०ला २. झाले २७. स्ट्रेंग्थ (ताकद) ८वरच राहिली. मग वंशाची भर: करिझ्मा दोनने वाढून १६, आणि आवडीच्या दोन क्षमता एकेकाने, म्हणजे डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १४. शिवाय दोन कौशल्यं आणि एक जादा भाषा फुकट. इथवर सगळे मन लावून करतात. मग पोस्टमध्ये हीच बाई एका हाताने दार उखडते! ते ८ कागदावर आहेत, ते दिसले पाहिजेत. नावाड्याची लेक आणि वल्हं ओढताना दमते, यात बापाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते लिहायला मिळतं. दोन्हीकडचं बळ तेवढं घ्यायचं आणि उणं एकीकडचंही नाही, हा मिश्र पात्रांचा जुना आजार आहे.

भाषेची एक युक्ती सांगतो. माणूस हिशोब बहुधा पाढे ज्या भाषेत पाठ केले त्याच भाषेत करतो, आणि ठेच लागली की आईच्या भाषेत ओरडतो. तेव्हा मोजते कशात, शिवी कशात देते, अंगाई कशात आठवते, हे ठरवून टाकावं. बनवलेले एल्फ शब्द तीन-चारच ठेवावेत आणि त्यांचे अर्थ फॉर्ममध्येच द्यावेत. वीस शब्द झाले की समोरचा वाचायचं सोडतो.

हाफ-ऑर्कचं थोडक्यात. तो चौदाव्या वर्षी सज्ञान होतो आणि पंचाहत्तरीच्या पुढे क्वचित जातो. त्याच्या जन्मामागे अत्याचाराची कथा लावायची जी सवय आहे ती सोडावी. आळशीपणा तर आहेच, शिवाय वाचणाऱ्या कुणाची तरी जखम उगाच उघडी पडते. पुस्तकातच दुसरी वाट आहे: माणसांच्या आणि ऑर्कांच्या टोळ्या तह करतात, तहावर लग्नाची मोहोर उठते आणि त्या लग्नांतून ही मुलं होतात. म्हणजे रीतसर सोयरीक, दोन्हीकडचे पाहुणे, आणि आहेरावरून रुसलेलं कुणीतरी. जेवढे नातेवाईक जिवंत, तेवढी पुढच्या कथेची दारं उघडी. अनाथ पात्राला पत्रसुद्धा कुणी पाठवू शकत नाही.

अशा पात्राचा भरलेला फॉर्म पाहायचा तर आपल्याकडे घटोत्कच आहे. बाप भीम, आई हिडिंबा. डोकं घड्यासारखं, केस नाहीत, तेच नाव. राक्षसांच्या रीतीप्रमाणे जन्मला आणि लगेच जवान झाला. वाढला आईकडे, पण ‘आठवण काढाल तेव्हा येईन’ हा शब्द बापाकडच्यांना देऊन. डीएमला यापेक्षा सोयीचं कलम मिळणार नाही. कुंती त्याला पाचांचा थोरला मुलगा म्हणते, गादीचा विषय मात्र निघत नाही. रात्रीच्या युद्धात त्याचं बळ चढतं आणि अर्जुनासाठी राखलेलं ‘शक्ती’ हे अस्त्र कर्णाला त्याच्यावर खर्चावं लागतं. तो पडतो, पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. वर म्हणतो, हा यज्ञांचा वैरी होता, कर्णाने मारला नसता तर मलाच मारावा लागला असता. ज्यांच्या बाजूने लढला तिथेही पूर्ण आपला नाही. यात जांभळा डोळा कुठेच नाही.

आणि आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं जातं, ‘ती खानावळीत शिरताच सगळ्यांनी तिरस्काराने तिच्या कानांकडे पाहिलं.’ त्या ‘सगळ्यां’त बाकीच्या चौघांची पात्रं बसलेली आहेत. त्यांनी काय पाहावं, त्यांना काय वाटावं, हे तुम्ही ठरवलंत. याला गॉडमोडिंग म्हणतात आणि मिश्र पात्रांच्या बाबतीत ते फार सहज होतं, कारण तिरस्कार पूर्वकथेतच गृहीत धरलेला असतो. त्याऐवजी आपल्या पात्राचं लिहावं. तिने टोपी कानांवर ओढली, दाराजवळचं बाकडं धरलं, दोन नाणी आधीच टेबलावर ठेवली. आता कुणी हसेल, कुणी नुसतंच सरकून जागा देईल. दीडशे-दोनशे शब्द पुरेत, आणि शेवटची ओळ दुसऱ्याला धरता येईल अशी सोडावी. वंशावरून टोमणे, शिव्या कुठवर चालतील, हे खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी उघड बोलून घ्यावं. पात्राचा अपमान आणि खेळणाऱ्याचा अपमान यांत पडद्यावर फारसं अंतर नसतं.

एवढं ७५०, १८०, ४१५ करून झाल्यावर एक गंमत लक्षात येते. लिहून खेळायच्या खेळात खानावळीतली एक रात्र संपायला तीन आठवडे सहज लागतात. वर्षभर नेटाने खेळलं तरी कथेत जेमतेम पंधरा-सतरा दिवस सरतात, आणि तेवढ्यात चिमीच्या डोक्यावर एक केस पांढरा होत नाही. तेव्हा आजीचं पत्र आणायचं असेल तर ते पहिल्याच रात्री, ताटात रस्सा वाढला जात असताना, दारात येऊ द्यावं. पाकिटावर नाव अर्थातच पाळण्यातलं.