प्रशिक्षण फुकट होतं, उचल नव्हती

गेल्या आठवड्यात एका संस्थेतल्या ताईंचा फोन आला. “दादा, प्रशिक्षणानं तुमचं आयुष्य कसं बदललं, दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा ना.” दोनदा मोबाइल भिंतीला टेकवून बोलायला बसलो, जमलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

मी शिरूर कासार तालुक्यातला. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्नाच्या सालापासून आमचा कोयता दसरा-दिवाळीच्या मधी निघायचा. कधी सांगलीकडं, कधी पार बेळगावपर्यंत. परत यायचा तो मार्च सरताना. 2019च्या जूनमध्ये आईचं ऑपरेशन निघालं आणि मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, 80 हजार उचल घेतली. उचल म्हणजे मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम. तेव्हा तोडणीचा दर टनाला अडीचशेच्याही आत होता. जोडीनं मरमर करून दिवसाला दोन टन. अडीचशे धरूनच भागाकार करा, 160 दिवस येतात. हंगाम काही तेवढा चालत नाही. त्यात अंगात ताप भरला म्हणून कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पडून राहिलात तर खाडा, त्याचे पैसे वेगळे कापणार. उरलेली बाकी पुढच्या सालावर.

जुलैत ग्रामपंचायतीत कागद लागला. आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेली वायर काढून नवी भरणं, आणि पंप दुरुस्ती, 30 दिवस, राहणं-खाणं फुकट. आई म्हणाली, “फुकट कोण देतंय? काहीतरी लिहून घेतील.” बायको म्हणाली, “जावा तुम्ही. खुरपायला मी हाये.” त्या महिन्यात घर तिच्या रोजावर चाललं, हे कुठल्याच फॉर्मवर लिहायला जागा नव्हती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरांनी जमिनीत खुंटी रोवल्यासारखी एक काठी उभी केली आणि हातात रिंगा दिल्या. लांबून टाकली तर गुण जास्त, जवळून कमी. कुठं उभं राहायचं ते आपण ठरवायचं. मी अगदी काठीला चिकटून उभा राहिलो. सर म्हणाले, “धंदा करायचा तर थोडी जोखीम घ्यायला शिका.” मी म्हणालो, “सर, 80 हजार उचलीवर बसलोय. अजून किती मागं सरकू?” पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांना मी तेव्हापासून मानतो.

रोज सकाळी एकेकानं उभं राहून काल शिकलेली महत्त्वाची गोष्ट सांगायची. नववीत शाळा सुटलेला माणूस मी, पहिल्यांदा पाय लटपटले. पण एक दिवस जे सांगितलं ते अजून पाठ आहे. जळालेल्या मोटारीच्या कॉइलींचा, म्हणजे आतल्या वायरीच्या वेटोळ्यांचा, रंग बघायचा. मोटार तीन फेजांवर, म्हणजे विजेच्या तीन तारांवर, चालते आणि कॉइली स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार जोडणी असेल आणि एक फेज गेला असेल तर दोन फेजांच्या कॉइली काळ्या पडतात, तिसरी शाबूत राहते. डेल्टात उलटं, एकच जळते आणि दोन चांगल्या राहतात. आमच्याकडं लाइट रात्री येते. शेतकरी मोटार ऑटोवर, म्हणजे लाइट आली की आपोआप सुरू होईल अशी, टाकून झोपतो, मधीच एक फेज उडतो आणि मोटार हूं हूं करत जळून जाते. सकाळी तो मोटारीच्या कंपनीला शिव्या घालतो. मोटार उघडली की रात्री काय झालं ते दिसतं.

सबमर्सिबलचं, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीचं, काम निराळं. तिच्या पोटात पाणीच असतं, म्हणून वायरीवर प्लास्टिक चढवलेलं. तयार कॉइल खाचेत बसत नाही, एकेक वेढा सुईत दोरा ओवल्यागत ओवावा लागतो. माझी बोटं घट्ट्यांनी लाकूड झालेली. वायर बोटात आहे का नाही, तेच कळायचं नाही.

सप्टेंबरात प्रमाणपत्र मिळालं. ते पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि कोयत्याला धार लावली. दुसरं काय करणार? ऑक्टोबरात दारात ट्रॅक्टर लागला. ताई, हे व्हिडिओत सांगायचं का? कुणाला ऊसतोडवाल्याला खरंच हुन्नर शिकवायचं असेल तर आधी त्याच्या उचलीचं बघा, मग पंख्याखालचा वर्ग.

तोडीला जाताना पेटीत पक्कड, टेस्टर आणि होल्डरला दोन वायरी जोडून केलेला सिरीज लॅम्प, म्हणजे वायर तुटली का ते बघायचा दिवा, घेतला होता. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. आम्ही सांगली जिल्ह्यात कोपीतच अडकलो. ज्याचा ऊस तोडला त्या शेतकऱ्याची विहिरीतली मोटार बंद पडली, मिस्त्री गावाबाहेर पडायला तयार नाही. मी म्हटलं, बघू का? त्यानं माझ्या हातातल्या कोयत्याकडं बघितलं आणि म्हणाला, “तू?” दोन दिवस पीक सुकलं, मग स्वतःच आला. मोटार वर काढली तर वाइंडिंग चांगलं होतं. केबलच्या जॉइंटात पाणी शिरलेलं. साफ करून, टेपच्या पट्ट्या मारून खाली सोडली. 500 रुपये आणि पायलीभर ज्वारी मिळाली. एप्रिलात सरकारनं घरी जायची परवानगी दिली, तोवर आणखी तीन मोटारी झाल्या.

परत आल्यावर गावाबाहेर शाळेत विलगीकरणाचे 14 दिवस काढताना बायकोला प्रशिक्षणातली सगळी वही वाचून दाखवली. ती म्हणाली, ओवायचं काम माझ्याकडं द्या.

पुढचं लवकर सांगतो. मुद्रा कर्जासाठी एका बँकेनं सहा खेपा घालायला लावल्या, शेवटी मेव्हण्यानं 20 हजार दिले. बाकी फेडायला अजून एक हंगाम मारला. आता आठवडी बाजाराच्या रस्त्याला दहा बाय दहाचं पत्र्याचं दुकान आहे. कॉइली मी काढतो, सबमर्सिबल ती भरते, आणि गिऱ्हाईक विचारतं की मिस्त्री कुठंय. मोटारींचं काम उन्हाळ्यात बक्कळ असतं, पावसाळ्यात माशा मारतो.

मागच्या महिन्यात मुकादम आले. साडेसात एचपीची जळालेली मोटार गाडीत टाकून. उघडून बघितली, पूर्ण भरायला लागणार होती. तांब्याचा भाव सांगितला.

“आधी काय द्यावं लागंल?” ते म्हणाले.

बायको आतून वायर ओवता ओवता म्हणाली, “तीन हजार उचल द्या, मग हात लावू.”

ते हसले नाहीत. पैसे मात्र काढले.